बाळाच्या खोलीतला ह्युमिडिफायर: गिरणीपासून सोलपर्यंतची गोष्ट

(पॉडकास्टच्या या भागाचा लिखित मजकूर. बोललो तसंच बहुतेक ठेवलंय, फक्त माझे "म्हणजे" आणि "अॅक्च्युअली" थोडे कमी केलेत.)

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, हा इतिहासाचा पॉडकास्ट आहे की शॉपिंगचा? थोडा धीर धरा.

गोष्ट सुरू होते मागच्या डिसेंबरमधे, रात्री अडीच वाजता, पुण्यात. आमची चिऊ तेव्हा चौदा महिन्यांची होती. नाक चोंदलेलं, दर वीस मिनिटांनी उठून रडणं. बायको तिला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारतेय आणि मी, एक जबाबदार बाप या नात्याने, मोबाइलवर स्क्रोल करतोय. टोरांटोहून ताईचा मेसेज आला होता, "अरे ह्युमिडिफायर घे ना. इथे प्रत्येक बाळाच्या खोलीत असतो." नागपूरहून आईचा सल्ला वेगळा, "ओवा तव्यावर भाज, रुमालात बांध, उशाशी ठेव."

मी बीटेक झालेला माणूस. ओव्याची पुरचुंडी बाजूला ठेवली आणि ह्युमिडिफायरची तुलना करायला एक्सेल शीट उघडली. टाकी किती लिटरची, आवाज किती, रात्रीचा दिवा आहे का, अॅपवर चालतो का. एक मॉडेल पक्कं करून कार्टमध्ये टाकलं. खाली सूचना आली, सोबत हेही घ्या. एक छोटी बाटली. टाकीत दोन-चार थेंब टाकायचे, पाणी खराब होत नाही, सारखं धुवावं लागत नाही.

मला ती कल्पना भारी वाटली. रोज टाकी कोण धुणार? फक्त एवढंच बघायला म्हणून सर्च केलं की हे थेंब लहान मुलांना चालतात का. आणि मग सकाळी साडेपाचपर्यंत मी दक्षिण कोरियाबद्दल वाचत बसलो. कार्ट तशीच राहिली.

आजचा भाग त्या रात्रीबद्दल आहे.

सुरुवात माणसासाठी नव्हतीच

हवा मुद्दाम दमट करायची यंत्रं मोठ्या प्रमाणात पहिल्यांदा कोणासाठी बनली? बाळांसाठी नाही. सुतासाठी.

कापसाचा धागा कोरड्या हवेत ठिसूळ होतो आणि तुटतो. मुंबईत गिरण्या वाढल्या त्याला बंदर, रेल्वे, भांडवल अशी बरीच कारणं होती, पण समुद्राची दमट हवा हेही एक होतं. आता माझ्या गावाचा विचार करा. नागपूर. उन्हाळ्यात तिथे धुतलेली जीन्स तासाभरात वाळते. अशा ठिकाणी जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला एम्प्रेस मिल सुरू केली, कारण कापूस तिथे जवळ होता. मग कोरड्या हवेचं काय करायचं? यंत्राने हवा दमट करायची. भारतात ह्युमिडिफायर बसवणाऱ्या सुरुवातीच्या गिरण्यांमध्ये एम्प्रेस मिलचं नाव घेतलं जातं. मी लहानपणी त्या गिरणीच्या बंद पडलेल्या इमारतींवरून शंभर वेळा गेलो असेन, पण हे मला ठाऊक नव्हतं.

इंग्लंडमध्ये लँकेशायरच्या विणकाम शेडमध्ये तर सरळ वाफ सोडायचे. धागा खूश, माणूस ओला. कामगार तक्रार करायचे की कपडे भिजतात, छाती भरते. शेवटी १८८९ मध्ये ब्रिटिश संसदेला कायदा करावा लागला की किती तापमानाला हवेत किती ओलावा चालेल.

अजून एक गंमत. "एअर कंडिशनिंग" हा शब्द आपण गारव्यासाठी वापरतो. १९०२ मध्ये विलिस कॅरियरने ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी यंत्रणा आखली, तेव्हा खरा प्रश्न हवेतल्या ओलाव्याचा होता. कागद फुगायचा आणि रंग एकमेकांवर नीट बसायचे नाहीत. आणि १९०६ मध्ये हा शब्द ज्याने रूढ केला तो स्टुअर्ट क्रेमर, त्याचं काम होतं सूतगिरण्यांची हवा दमट करणं.

म्हणजे सूत आणि कागद हे या तंत्रज्ञानाचे पहिले ग्राहक. फुफ्फुस नंतर आलं. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

किटली आणि तंबू

मुलांच्या खोलीत वाफ आली ती वेगळ्या वाटेने. एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेत "क्रूप" या आजाराची आईबापांना प्रचंड धास्ती होती. मुलाला कुत्रा भुंकल्यासारखा खोकला येतो, श्वास घेताना घर्र आवाज होतो. त्या काळात घटसर्पातही घसा असाच बंद व्हायचा, त्यामुळे भीती उगाच नव्हती. उपाय काय? क्रूप केटल. लांबच लांब नळीची किटली, खाली स्पिरिटचा दिवा, पाळण्यावर चादरींचा तंबू आणि त्यात वाफ.

आपल्याकडचा वाफारा आठवला ना? डोक्यावर टॉवेल, समोर पातेलं. माणसाची बुद्धी सगळीकडे सारखीच चालते. श्वास अडकला की ऊब आणि ओल द्यावीशी वाटते.

दोन अडचणी होत्या. पहिली, मुलं भाजायची. उकळतं पाणी आणि दोन वर्षांचं मूल एका खोलीत ठेवलं की काय होतं ते सांगायला नको. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ मुलांच्या खोलीत गरम वाफेचं यंत्र नको, थंड धुक्याचं वापरा असं सांगतात, ते याच कारणाने. आपल्याकडच्या स्टीमरलाही ते लागू आहे.

दुसरी अडचण जास्त नाजूक आहे. क्रूपसाठी दमट हवेचा उपयोग होतो हे शंभर वर्षं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. नीट तपासलं कधी? २००६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला, तोही ताईच्याच टोरांटोतला. क्रूप झालेली १४० मुलं, तीन गट, तीन प्रकारची दमट हवा, कमी ते अगदी १०० टक्के. तिन्ही गटांत लक्षात येण्याजोगा फरक नाही.

याचा अर्थ दमट हवा निरुपयोगी असा नाही. खोली फार कोरडी असेल तर नाक, घसा, ओठ, त्वचा यांना आराम पडतो. पण "आराम" आणि "औषध" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि मध्यरात्री रडणाऱ्या पोराचा बाप औषधच शोधत असतो. मी तरी शोधत होतो.

पाण्यात जे आहे, तेच हवेत

आता थोडं इंजिनिअरिंग. घाबरू नका, दोन मिनिटं.

ह्युमिडिफायर ढोबळमानाने तीन प्रकारचे. एक, पाणी उकळून वाफ करणारा. दोन, ओल्या पडद्यातून पंख्याने हवा ढकलणारा. हा प्रकार आपल्याला नवा नाही. नागपुरात उन्हाळ्यात प्रत्येक घरात एक भलामोठा ह्युमिडिफायर असतोच, आपण त्याला कूलर म्हणतो. या दोन्हीत पाण्याची वाफ होते आणि क्षार, गाळ मागे राहतो. कूलरच्या वाळ्याच्या ताट्यांवर एप्रिलपर्यंत पांढरा थर चढतो, तो हाच.

तिसरा प्रकार अल्ट्रासॉनिक, आज ऑनलाइन सर्वात जास्त दिसणारा. स्वस्त, छोटा, आवाज नाही. यात एक चकती सेकंदाला साधारण १७ लाख वेळा कंप पावते आणि पाण्याचे बारीक थेंब उडवते. नीट ऐका, तो पाण्याची वाफ करत नाही, पाणीच हवेत फेकतो. मागे काही राहत नाही. पाण्यात क्षार असतील तर तेही उडतात, आणि फर्निचरवर पांढरी पूड बसते. जंतू असतील तर तेही उडतात. काही विरघळवलेलं असेल तर तेही उडतं. थेंब काही मायक्रॉनचे. पाणी सुकलं की उरलेला कण त्याहून लहान, थेट फुफ्फुसाच्या तळापर्यंत जाणारा.

घाणेरड्या पाण्याचा धोका आधीच कळला होता. १९५९ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या एका डॉक्टरने सुतारकामाच्या वर्कशॉपबद्दल लिहिलं. कामगारांना एकत्रच ताप यायचा. कारण निघालं ह्युमिडिफायरचं बुरशी आलेलं पाणी. आजाराचं नावच "ह्युमिडिफायर फीवर" पडलं. २००८ मध्ये सायप्रसच्या एका रुग्णालयात नवजात बाळांना लिजिओनेला जंतूचा संसर्ग झाला, काही बाळं दगावली. नर्सरीत नळाचं पाणी भरलेला थंड धुक्याचा ह्युमिडिफायर होता.

मग उपाय काय? इंजिनिअरला विचाराल तर लगेच म्हणेल, पाण्यात जंतुनाशक टाका. समस्या सुटली.

सोल, १९९४ ते २०११

कोरियात नेमकं हेच झालं.

कोरियाचा हिवाळा थंड आणि कोरडा. घरं खालून तापवलेल्या फरशीची, खिडक्या बंद. हवा इतकी सुकते की लोक खोलीत ओले कपडे वाळत घालतात. तिथे ह्युमिडिफायर ही चैन नाही, घरातली साधी वस्तू आहे. पण टाकी रोज धुवा हे सगळ्यांना जिवावर येतं. १९९४ मध्ये एका कोरियन कंपनीने तोडगा आणला, टाकीत टाकायचं जंतुनाशक. पुढे अनेक ब्रँड आले. सगळ्यात जास्त खपला तो "ऑक्सी" कंपनीचा. ती पुढे ब्रिटिश कंपनी रेकिट बेन्किझरने घेतली. बाटलीवर लिहिलेलं असायचं की मुलांसाठीही निर्धास्त वापरा.

त्यातल्या मुख्य रसायनाचं नाव मोठं आहे, आपण पीएचएमजी म्हणू. हे रसायन नवं नव्हतं. पोटात गेलं किंवा त्वचेला लागलं तर तुलनेने कमी विषारी, अशी त्याची ख्याती. पण धुकं होऊन ते रात्रभर कोणाच्या श्वासात गेलं तर काय होतं, हे बाजारात आणण्याआधी कोणी तपासलं नव्हतं. सरकारी नियमांत ती बाटली औषध नव्हती, अन्न नव्हती, एक साधी घरगुती वस्तू होती. मग श्वासाची चाचणी मागणार कोण?

आमच्या क्षेत्रात ही चूक रोज होते. एका इनपुटसाठी टेस्ट केलेलं फंक्शन दुसरीकडे जोडतात आणि म्हणतात, "अरे ते टेस्टेड आहे." आमच्याकडे सर्व्हर पडतो. तिथे माणसं गेली.

२००६ च्या सुमारास कोरियातल्या मुलांच्या डॉक्टरांना एक विचित्र गोष्ट दिसायला लागली. लहान मुलं, आधी धडधाकट, साधा खोकला, मग धाप, मग फुफ्फुस कडक होत जायचं. उपचार लागू पडेनात. हिवाळा संपता संपता रुग्ण यायचे, उन्हाळ्यात गायब. वाटणारच की व्हायरस आहे. शोधला, सापडला नाही. पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

२०११ च्या वसंतात सोलच्या आसान मेडिकल सेंटरमध्ये असेच रुग्ण एकदम आले. बहुतेक गरोदर किंवा नुकत्याच बाळंत झालेल्या बायका. डॉक्टरांनी रोग नियंत्रण केंद्राला कळवलं. तपास करणाऱ्यांनी आजारी आणि आजारी नसलेल्या लोकांना तेच प्रश्न विचारले. घरात काय वापरता? फरक एका वस्तूत दिसला. आजारी लोकांमध्ये ह्युमिडिफायरचं जंतुनाशक वापरलेलं असण्याची शक्यता सुमारे ४७ पट निघाली. मग कोडं उलगडलं. हिवाळ्यातच का? कारण ह्युमिडिफायर तेव्हाच चालतो. बाळं आणि बाळंतिणीच का? कारण त्या बंद खोलीत सगळ्यात जास्त वेळ तेच असतात.

३१ ऑगस्ट २०११ ला निष्कर्ष जाहीर झाला. नोव्हेंबरमध्ये, प्राण्यांवरच्या चाचणीनंतर, उत्पादनं बाजारातून काढून घेण्याचा आदेश निघाला. पुढच्या हिवाळ्यात नवे रुग्ण आले नाहीत.

सतरा वर्षं ही बाटली दुकानात होती. आजवर ५,००० हून जास्त लोकांना तिथल्या सरकारने पीडित म्हणून मान्यता दिली आहे, आणि मृत्यूंच्या नोंदी हजाराच्या वर आहेत. मे २०१६ मध्ये ऑक्सीच्या प्रमुखाने पत्रकारांसमोर वाकून माफी मागितली, म्हणजे कारण कळल्यावर जवळपास पाच वर्षांनी. जानेवारी २०१७ मध्ये कंपनीच्या माजी प्रमुखाला सात वर्षांची शिक्षा झाली, वरच्या कोर्टात ती सहा वर्षांवर आली. २०१९ पासून कोरियात जंतुनाशक उत्पादनांसाठी वेगळा कडक कायदा लागू आहे. २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने काही पीडितांच्या बाबतीत सरकारचीही जबाबदारी मान्य केली.

पण मला झोपू दिलं नाही ते या आकड्यांनी नाही. कित्येक आईबापांनी नंतर सांगितलं की मूल खोकायला लागलं म्हणून त्यांनी ह्युमिडिफायर अजून जास्त वेळ लावला, उशाजवळ आणला. स्वच्छता पाळणारे, लेबल वाचणारे, पोराच्या काळजीने पैसे खर्च करणारे लोक. निष्काळजी असते तर कदाचित वाचले असते. "माझ्याच हाताने टाकलं", हे वाक्य घेऊन ती माणसं आयुष्य काढतायत. त्यांचा दोष शून्य आहे. तरी ते वाक्य जात नाही.

मी माझ्या कार्टमधली ती बाटली पुन्हा पाहिली. तिच्यात काय होतं, मला माहीत नाही. घटकांची यादी फोटोत नव्हतीच. कदाचित अगदी निरुपद्रवी असेल. पण मी ती घेणार होतो ते टाकी धुवायचा कंटाळा म्हणून, आणि वर "बेबी सेफ" लिहिलं होतं म्हणून. कोरियातल्या लोकांकडेही हीच दोन कारणं होती.

मग मी काय घेतलं?

सकाळी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी नाकात टाकायचे सलाइनचे थेंब दिले आणि विचारलं, "खोलीत ओलावा किती आहे, मोजलात का?" मोजला नव्हता! इंजिनिअर माणूस, एक्सेल शीट बनवली, पण मोजमाप शून्य.

काहीशे रुपयांचा हायग्रोमीटर आणला. आठवडाभर रात्री ४५ ते ५० टक्क्यांच्या आसपास. साधारण ३० ते ५० टक्के ठीक मानतात. त्याच्या फार वर गेलं तर भिंतीला बुरशी. म्हणजे आमच्या खोलीला ह्युमिडिफायरची गरजच नव्हती. सर्दी पाच दिवसांत गेली, तिच्या वेळेने.

ताईची गोष्ट वेगळी. टोरांटोत बाहेर उणे १० असतं. थंड हवेत बाष्प मावतंच कमी. तीच हवा आत घेऊन २१ अंशांपर्यंत तापवली की आतला ओलावा १५ टक्क्यांच्याही खाली जाऊ शकतो. तिला गरज आहे. तिला फोन केला तेव्हा मी मॉडेल सांगितलंच नाही. म्हटलं, ताई, टाकीत तुझा हात पूर्ण आत जातो का ते बघ. नाही गेला तर ती धुतली जाणार नाही. ओल्या पडद्याचा प्रकार बघ, आणि पडदा वेळेवर बदल. अल्ट्रासॉनिकच घ्यायचा असेल तर डिस्टिल्ड पाणी. रोज पाणी ओत, टाकी पुसून कोरडी कर. आणि त्यात पाण्याशिवाय काही टाकू नकोस. थेंब नको, अत्तर नको, निलगिरी नको, कापूर तर अजिबातच नको.

ती म्हणाली, "अरे, हे तर बाबांचं कूलरचं लेक्चर झालं!"

खरंच की. आमचे बाबा दर रविवारी कूलर उघडायचे. टाकी रिकामी, काथ्याने घासणार, ताट्या उन्हात. आम्ही कुरकुरायचो, "बाबा, पाण्यात फिनाइल टाका ना थोडं, झालं." ते म्हणायचे, "जे पाण्यात टाकशील ते नाकात जाईल." बाबा पोस्टात होते, विज्ञान दहावीपर्यंत. कोरियाच्या बाजारात सतरा वर्षं जो प्रश्न कोणी विचारला नाही, त्याचं उत्तर ते मे महिन्याच्या उन्हात बादली हातात घेऊन देत होते. तेव्हा मात्र आम्हाला वाटायचं, उगाच त्रास देतात.

तुमच्या घरात बाळ असेल आणि तुम्हीही रात्री अडीचला स्क्रोल करत असाल, तर आधी मोजा. गरज असेल तर असा घ्या, जो तुम्ही रोज धुवाल. रोज धुणं जमणार नसेल तर घेऊ नका, त्याने काही बिघडत नाही. श्वासाचा त्रास, छाती आत ओढली जाणं, घर्र आवाज असं काही दिसलं तर यंत्र नाही, डॉक्टर. मी डॉक्टर नाही, हेही लक्षात ठेवा.

आणि हो, आईची ओव्याची पुरचुंडी. ती चिऊच्या उशाशी नाही, माझ्या ऑफिसच्या बॅगेत आहे. आईला सांगू नका.

भेटू पुढच्या भागात. तुमच्या घरच्या कूलरच्या, वाफाऱ्याच्या, शेगडीच्या गोष्टी असतील तर व्हॉइस नोट पाठवा. ऐकत राहा.